डबा कुणी घेईना

रामनगरला बस बदलताना माझ्या दोन फुगीर पिशव्या बघून कंडक्टर म्हणाला, "चहाचं दुकान टाकताय काय, बाई?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. एका पिशवीत चहाचे चकचकीत पत्र्याचे डबे होते, दुसरीत तोच चहा खाकी कागदाच्या पुड्यांमध्ये. वस्तू निवडताना माणूस वेष्टनाला किती भुलतो, हा माझ्या प्रबंधाचा विषय. पुण्यात हा प्रयोग केला तेव्हा डब्यांवर नुसती झुंबड उडाली होती. आता राहिलं होतं शेवटचं प्रकरण, खेड्याचं. या खेपेला ते जमलं नाही तर फेलोशिप संपणार आणि मी पदवीविना घरी बसणार, असं माझ्या मार्गदर्शक बाईंनी निघताना स्वच्छ सांगितलं होतं.

झाडांमागून सुपा धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि मी प्रबंधबिबंध सगळं विसरले. एवढं निळं पाणी, मध्येच वर आलेली बेटं, आणि त्यावरून निवांत उडणारे बगळे! जोयड्याहून पुढे बाजारकुणंगची गाडी मिळाली. तिथला कंडक्टर "इळीरी, इळीरी!" (उतरा) म्हणून माझ्याकडे बघून ओरडत होता आणि मी खिडकीतून रान बघत खुशाल बसून होते. व्हायचं तेच झालं. पुढच्या थांब्यावर उतरून दोन्ही पिशव्या सावरत मागे चालत आले, स्वतःवरच चडफडत.

मुक्काम होता तुळसाक्कांकडे. बेळगावच्या माझ्या मैत्रिणीची ही आत्या. भाताची शेती, घरामागे सुपारीची थोडी झाडं आणि तोंड सदा हसरं.

"आलीस? वाळून गेलीस की गं! आदी गंजी पी," म्हणत त्यांनी गंजीचा (भाताच्या पेजेचा) वाडगा हातात दिला. सोबत आमसुलाची चटणी. चालून आल्यावर ती गरम गंजी काय लागली म्हणता! मी दुसरा वाडगा मागून घेतला, लाजले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात मी डबा आणि पुडी शेजारी शेजारी मांडली. एकेकाने यायचं. "दोन्हीत चहा एकच आहे. तुम्हाला आवडेल ते घ्या, ते तुमचंच," एवढंच मी सांगायचे.

पहिल्या बाईंनी पुडी घेतली. दुसऱ्यांनीही पुडीच. एक आजोबा आले. त्यांनी डबा उचलला, टिचकी मारून वाजवला, झाकण उघडून परत घट्ट लावलं, "ब्येस हाय!" म्हणाले आणि जपून खाली ठेवून पुडी घेऊन गेले. सकाळभर हेच. डब्याला हात लावून गेले सगळे, घेतला एकानेही नाही.

मी तर हवेतच! माझ्या डोक्यात प्रकरणाचं नावसुद्धा तयार झालं. टेकाडावर रेंज येते तिथे धावत जाऊन पुण्याला मार्गदर्शक बाईंना फोन लावला.

"बाई, खेड्यातला माणूस वेष्टनाला अजिबात भुलत नाही!"

"काहीतरीच काय," बाई म्हणाल्या. "समोर चांगलं असताना कमी प्रतीचं कोण उचलेल? कुठंतरी घोळ घातलायस. पुन्हा बघ."

मला रागच आला. एसीत बसून बोलायला काय जातं, असं पुटपुटत मी जेवायला आले.

दुपारी ताटलीत कोनं (जमिनीखालचा कंद) उकडून ठेवलेली होती. घरची सगळी भोवती बसलेली. बघते तर प्रत्येक जण फुटका, करपलेला तुकडा उचलतोय आणि पांढरेशुभ्र गुबगुबीत तुकडे ताटलीत तसेच.

"हे का घेत नाही तुम्ही?" मी विचारलं.

"ते तुला न्हवं का!" तुळसाक्का म्हणाल्या. "पाव्हणी बसलीया आनि आमी बरं बरं उचलावं व्हय?"

मी हातातला तुकडा खाली ठेवला. "अक्का, मग सकाळी डबा..."

"त्योबी तसाच की. तू पदरचं घिऊन आलीस, एवढ्या लांबनं. चांगला डबा तुझ्या म्होरनं उचलायचा म्हंजे लाज न्हाई वाटत? माझा तर लई जीव हुता त्या डब्यावर!"

मला हसावं की रडावं कळेना. अख्ख्या वाडीने माझा मान राखला होता आणि माझं प्रकरण मातीत घातलं होतं. मी खरंच रडकुंडीला आले. तुळसाक्का पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "आमची लेक शेवंता सासरास्नं आली आस्ती तर तिला डबाच दिला आस्ता बघ मी."

मी डोळे पुसले. अरेच्चा! प्रश्नच बदलला तर?

पण पुड्या तर संपल्या होत्या. मग पडवीत बसून काही डबे रिकामे केले, आजूबाजूच्या बायकांनी वर्तमानपत्राच्या पुड्या बांधून दिल्या. संध्याकाळी तीच माणसं, तसाच डबा, तशीच पुडी. फक्त मी विचारलं, "लेकीच्या घरी जाताना यातलं काय न्याल?"

काय सांगू! सगळे हात डब्याकडे. सकाळचे आजोबा तर डबा काखेला मारून थेट उळवीच्या वाटेला लागले. लेक तिकडेच दिली होती म्हणे. प्रत्येकाने डबा उचलला की अंगणात हशा व्हायचा आणि मीही त्यात सामील. शेवटी एकच डबा उरला. तो आणि एक पुडी पिशवीत टाकली, बाकीच्या पुड्या बायकांना वाटल्या.

निघताना तुळसाक्कांनी कोनं बांधून दिली. मोठी मोठीच, अर्थात. मी निमूट घेतली.

पुण्यात पोचल्यावर थेट बाईंच्या खोलीत शिरले. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "गोष्ट छान आहे गं. पण पाहुण्यासाठी म्हणून माणूस स्वतःचा फायदा सोडतो, हे परीक्षकांना कसं पटवशील? मलाच पटत नाही."

"राहू दे, बाई," मी म्हणाले, खरंच थकून. "चहा तरी घ्या. दोन्हीत एकच आहे, आवडेल ते ठेवा." आणि उरलेला डबा नि पुडी टेबलावर ठेवली.

"कशाला गं एवढ्या लांबून ओझं आणलंस," म्हणत बाईंनी पुडी जवळ ओढली. "डबा तू ने. होस्टेलवर उपयोगी पडेल."

पुडी हातात धरून त्या एकदम थांबल्या. डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ओठ दाबून उभी होते.

"लिही ते प्रकरण," बाई म्हणाल्या, आणि दोघींना हसू आवरेना.