चुंबळ मी परत केली

यंदाची अक्षय्यतृतीया, सकाळची वेळ. रक्कम सहाशे रुपये, म्हणजे एका गड्याचा रोज. हजर आम्ही चौघं: सासूबाई, मोठे भाऊजी, माझा नवरा आणि मी.

आमची हापूसची कलमं उतारावर आहेत. टेम्पो वर रस्त्याला थांबतो, आणि मधे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची उभी पाखाडी. नवरा झाडावर आंबे उतरवणार, सासूबाई निवडणार, आणि वीस-बावीस किलोचा क्रेट डोक्यावर घेऊन पाखाडी मी चढणार. लग्न झाल्यापासून हीच वाटणी. भाऊजी मुंबईला असतात, हंगामात रजा काढून हिशेब बघायला येतात. गड्याचा विषय निघाला की त्यांचं ठरलेलं वाक्य: "घरात माणसं असताना गडी कशाला?"

माणसं म्हणजे मी. धाकटा दोन महिन्यांचा होता, तेव्हाही माणसं म्हणजे मीच.

चाळिशी उलटल्यावर माझं अंग बाहेर यायला लागलं. डॉक्टरांकडे त्याला वेगळं नाव आहे. मला ते अंघोळीच्या वेळी हाताला लागायचं. लांजाला भाचीचं लग्न होतं, मी गेले नाही, कारण एसटीत तासभर लघवी धरवत नव्हती. शिंक येणार असं वाटलं की आधी मांड्या आवळायच्या. बायकांत बसून हसणं मी सोडून दिलं. वाडीत बोलवा झाली की हिला शिष्टपणा आलाय.

गेल्या दिवाळीनंतर रत्नागिरीत ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शिवलंय ते जपा. जड उचललंत तर पुन्हा खाली येईल, आणि दुसऱ्या वेळचं काम अवघड असतं."

कंबर अजून धरते, खोकला आला की मन अजून दचकतं. पण मी एसटीने लांजाला जाऊन आले, खिडकीशी बसून. रात्रभर चालणारा नमनाचा खेळ बघितला, एकदाही न उठता. नवऱ्याशेजारी निजताना अंग चोरणं गेलं. एवढं परत मिळाल्यावर ते क्रेटखाली घालवायची माझी तयारी नव्हती.

त्या सकाळी नवरा म्हणाला, "दादा, यंदा सहाशे देऊन गडी घेऊ या."

"टाके सुकले ना तिचे? सहा महिने बसूनच आहे," भाऊजी म्हणाले, आणि कापडाची चुंबळ माझ्या मांडीवर टाकली.

मी आंब्याखाली खुर्चीत बसले होते. चुंबळ उचलून त्यांच्या हातात दिली.

आमच्याकडे थोरला दीर ओझं उचलायला वाकला, तर धाकट्या भावाची बायको धावत जाते आणि ते हातातून काढून घेते. भाऊजींनी त्यावरच डाव लावला. चुंबळ स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि क्रेटपाशी जाऊन उभे राहिले. माझी वाट बघत.

"अगो ऊठ गो! तो डोक्यावर घेतोय!" सासूबाई ओरडल्या.

"घेऊ देत आई. सवय होईल."

नवऱ्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग क्रेटला हात लावून तो भावाच्या डोक्यावर ठेवून दिला. त्या एका कामासाठी मी त्याचे बरेच जुने गुन्हे माफ केले.

भाऊजी चढले. तिसऱ्या खेपेला अर्ध्या पाखाडीत थांबले, क्रेट पायरीवर टेकवला आणि कंबर धरून खाली बसले. वरून टेम्पोवाला विचारत होता, "काय हो शेठ, आज गाडी भरणार की उद्या?"

मला दया आली असं लिहिलं तर खोटं होईल. मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने हसले, पोट धरून. आणि हसल्यावर काही झालं नाही, लुगडं कोरडं होतं.

"तू फोन लाव रे गड्यांना," भाऊजी पायरीवरून नवऱ्याला म्हणाले.

"भाऊजी," मी खालूनच विचारलं, "घरात माणसं असताना गडी कशाला?"



दोन गडी आले. संध्याकाळी त्यांना बाराशे रुपये दिले गेले, आणि भाऊजींची कंबर चोळायला वाडीतला जो म्हातारा आला, त्याला तीनशे. सगळे पैसे भाऊजींच्या पाकिटातून गेले.