मावशींना न सांगितलेली बातमी

रोपवेच्या तिकीट खिडकीवर कागद चिकटवला होता. कालपासून बंद, दोन आठवडे. स्वित्झर्लंडमधल्या त्या डोंगरगावात माझ्यामागे बावीस माणसं थंडीत उभी होती, सगळी संभाजीनगर आणि आसपासची.

टूर मॅनेजरचं काम करून मला सतरा वर्षं झाली. ऑक्टोबर संपता संपता ही गावं झोपतात. उन्हाळ्यातले फिरस्ते परत गेलेले, बर्फावर घसरायला येणारे अजून यायचे. तेवढ्या दिवसांत रोपवेची तपासणी करून घेतात आणि हॉटेलवाले स्वतः सुटीवर जातात. आमच्या कंपनीच्या मालकांनी, सरांनी, दिवाळीची सुटी बघून टूर लावली, पत्रकावर फोटो मात्र जूनचे छापले. तिथं होतं फक्त धुकं, बंद शटरं, आणि पिवळी पडून गळणारी झाडं.

लोकांची समजूत घालत असतानाच पुण्याहून मिलिंदचा फोन आला. आमच्या ग्रुपमधल्या सोनवणे मावशींचा हा मुलगा. बिडकीनला त्यांची थोरली बहीण, अक्का, त्या दिवशी सोमवारी सकाळी झोपेतच गेली होती.

"आईला सांगू नका," तो म्हणाला. "तिला बीपी आहे, तिथं एकटी आहे. परत आल्यावर मी सांगतो."

मावशी हर्सूलच्या. सरकारी दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होत्या. लहानपणी आई गेली, तेव्हा अक्कानं दुसऱ्यांच्या शेतात खुरपून त्यांना नर्सिंगला घातलं. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बसमध्ये सांगितलं होतं. रोज एकदा अक्काला व्हिडिओ कॉल व्हायचा. तिला बर्फ दाखवायचा होता.

मी सरांना फोन केला. ग्रुपच्या तिकिटातून एका प्रवाशाला वेगळं काढून आधी पाठवता येतं, त्याला आम्ही डेव्हिएशन म्हणतो. कटकटीचं असतं, पण होतं. दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा असल्याचं मी बघून ठेवलं होतं.

"माती कधी आहे?" सरांनी विचारलं.

"आज संध्याकाळी."

"आणि या कधी पोचतील?"

"बुधवारी सकाळी."

"मग विषयच संपला. घरचेच नको म्हणतात, तर आपण कोण?"

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं. अशी बातमी द्यायचं काम कुणाला हवं असतं?

मिलिंदनं सगळ्या नातेवाइकांना आईला फोन करू नका, तिचा उचलूही नका म्हणून बजावलं होतं. संध्याकाळी मावशींनी आपला फोन माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "बघा बरं जाधव भाऊ, काय बिघडलंय का. अक्का उचलंना." मी उगाच दोन बटणं दाबली आणि डोंगरात रेंजचा प्रॉब्लेम असतो म्हणून सांगितलं. शेजारीच ग्रुपमधल्या एक बाई नातवाशी व्हिडिओवर बोलत होत्या. मावशींनी एकदा त्यांच्याकडं पाहिलं आणि फोन पर्समध्ये टाकला. पुन्हा काही विचारलं नाही.

मंगळवारी त्या बसमध्ये मागं जाऊन बसल्या. जेवण अर्धंच केलं. मी लांब लांब राहिलो. कधी नव्हे ते माणसं पुन्हा पुन्हा मोजत होतो.

बुधवारी दुपारी तळ्याकाठी लोकांना तासभर मोकळं सोडलं. मावशी एका बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मला हातानं बोलावलं आणि शेजारी बसायला सांगितलं.

"पस्तीस वर्षं वॉर्डात काढली मी," त्या म्हणाल्या. "नातेवाइकापासून बातमी लपवायची आसली की माणूस कसं तोंड चुकवतं, लई पाह्यलंय. मी बी चुकवलंय. अक्का गेली ना?"

मी मान हलवली.

"कधी?"

"सोमवारी सकाळी. झोपेत."

त्यांनी पाण्याकडं तोंड फिरवलं. नंतर म्हणाल्या, "माती नसती सापडली, ते मला बी कळतं. पण आज तिसरा दिवस. आज जलदान आसंल. तेवढ्याला पोचले आसते मी."

बुधवार सकाळ. तो हिशेब मीच केला होता आणि मीच सरांना सांगितला होता. बौद्ध घरात तिसऱ्या दिवशी हा विधी असतो हे माझ्या ध्यानातही आलं नाही. मिलिंदला माहीत नसेल, असं होणार नाही. मी माफी मागितली. त्या फक्त "व्हय" म्हणाल्या.

मग त्यांना मेणबत्ती हवी होती. सगळी बाजारगल्ली बंद. शेवटी स्टेशनवरच्या एकुलत्या एका दुकानात लाल डब्यांतल्या मेणबत्त्यांची रास दिसली. दुकानदार बाई म्हणाल्या, या दिवसांत इथली माणसं आपल्या गेलेल्यांच्या थडग्यांवर या लावतात. मी ते मावशींना मराठीत सांगितलं. त्यांनी एक घेतली, तळ्याकाठच्या दगडावर लावली, हात जोडून हळू आवाजात त्रिशरण म्हटलं. त्यानंतर त्या रडल्या. धुक्यात मी थोड्या अंतरावर पाठ करून उभा राहिलो.

लवकर पाठवतो म्हटलं, तर म्हणाल्या, "आता कशाला." उरलेले दोन दिवस त्या सगळ्यांबरोबर खिडकीशी बसून हिंडल्या. ग्रुपमध्ये कुणाला काही कळू दिलं नाही. मुंबईच्या विमानतळावर मिलिंद घ्यायला आला होता. त्यानं वाकून पाय धरले. मावशींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पण बॅग त्याच्या हाती न देता स्वतःच ओढत नेली.

सरांनी विचारलं, त्यांची काही कम्प्लेंट? मी नाही म्हणालो. ते म्हणाले, मग ठीक झालं.

त्यानंतर मी एक नियम केला. टूर निघायच्या आधी प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारतो, तुम्ही तिकडं असताना घरी काही वाईट झालं, तर सांगायचं की नाही? लोक दचकतात. सरांना हे पसंत नाही, गिऱ्हाईक बिचकतं म्हणतात. पण उत्तर बहुतेक एकच येतं, लगेच सांगा. मग तीच माणसं पुन्हा जवळ येऊन हळूच म्हणतात, बरोबर येणाऱ्या आमच्या आईला मात्र सांगू नका. मी त्यांना म्हणतो, ते आईलाच विचारून घेतलंय.