पडाव वर येईपर्यंत

मजकूर इसमाचे नाव लिहीत नाही, कारण त्याची परवानगी घेतलेली नाही. वय त्या वेळी अंदाजे तीस. मूळ राहणार रत्नागिरीकडील समुद्रकाठचे एक खेडे, मुक्काम चिंचवड, नोकरी पिंपरीच्या बाजूस नव्याने निघालेल्या एका कारखान्यात, बॉयलरवर. काळ, स्वातंत्र्यानंतर आठ-दहा वर्षांचा. साक्षीदार दोन. पहिला, चिंचवड स्टेशनासमोरचा टांगेवाला गेनू. दुसरा, मोशीच्या घाटावरचा नावाडी धोंडीबा. लिहिणार, त्याच स्टेशनाबाहेर कडुनिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून देणारा मी.

हा इसम टांग्यातून उतरताना उजवा पाय बाहेर काढी, तो हवेत धरी आणि थांबे.

"उतरा की राव, घोडं म्हातारं व्हायला लागलं," गेनू म्हणे.

"थांब रे, वर येऊ दे."

"काय वर येऊ दे? जमीन?"

जमीन वर येत नसते हे त्यालाही ठाऊक होते. तरी तो दोन श्वास थांबे आणि मगच पाय टेकवी. देवळाची पायरी असो, आगगाडीचा डबा असो, हाच प्रकार. वाचकहो, आपल्याही पाहण्यात अशी माणसे असतील. आपण हसतो आणि पुढे जातो. मीही तेच केले.

शिमग्याच्या आधी तो माझ्याकडे आला आणि गावी जाण्यासाठी रजेचा अर्ज लिहवून घेतला. मी लिहिलेला अर्ज सहसा परत येत नाही. रजा मंजूर झाली. आठवड्याने तो पुन्हा पुढ्यात उभा.

"भाऊ, ती रजा मोडून द्या."

मी रजा रद्द करण्याचा अर्ज लिहिला. पुढच्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी रजेचा अर्ज पाहून कारखान्याच्या हपीसातला कारकून मला रस्त्यात गाठून म्हणाला, "अहो, आमची थट्टा चालवलीये का तुम्ही दोघांनी?" वीस वर्षांच्या लेखणीला असे कोणी बोलले नव्हते. मी त्या इसमास बोलावून जाब विचारला.

त्याने खिशातून गावाकडचे पत्र काढून दिले. त्याला अक्षरओळख नव्हती. त्याची पत्रे मीच वाचून दाखवीत असे. हे गावातल्या गुरुजींच्या हातचे होते. आई कळवीत होती, डोळ्यांवर पडदा येत चालला आहे. एका डोळ्याने दिसणे थांबले. तुझे तोंड दिसते आहे तोवर येऊन जा.

वाचून झाल्यावर मी पत्र घडी करून परत दिले. मग तो बोलू लागला.

"गावाला आगबोटीनं जायचं, आन् ती बंदराला लागत न्हाय, भाऊ. दर्यात उभी ऱ्हाते. खालती पडाव येतो, होडीच ती, त्यात उतरायचं. आता पायाशी असतो, घटकेत पुरुषभर खाली. खलाशी वराडतात, टाक पाय, टाक पाय! बापूस गेला तवा उतरलो. पाय टाकला, आन् पडाव गेला खाली."

त्याने धोतर वर करून नडगी दाखविली. आगबोट आणि पडाव यांच्या मध्ये सापडलेली ती नडगी अजून वाकडी होती.

"मग परत कसा आलास?"

"आयस आली ना पडावात संगती. माज्या कमरेला धरून उभी ऱ्हायली. म्हनली, थांब. वर येऊ दे. आन् लाट वर आली तशी म्हनली, आता! तवा चढलो."

धगधगत्या बॉयलरच्या तोंडाशी उघड्या अंगाने उभा राहणारा हा माणूस एवढे सांगताना घामाने भिजला. खुष्कीने का जात नाहीस, असे मी विचारले. त्या वाटेवर दोन खाड्या होत्या, आणि तेथेही होडीच.

अर्जाने सुटणारे हे प्रकरण नव्हते. तेव्हा मी ठरविले की त्यास होडीची सवय करावी. सुटीच्या दिवशी गेनूचा टांगा करून आम्ही मोशीस इंद्रायणीवर गेलो. डोहात पाणी भरपूर होते, पण अगदी निवांत.

"धोंडीबा, होडी जरा हलव," मी म्हणालो.

"पानीच हलंना, तर मी काय हलवू?"

"तू हलव. लाटा आहेत असे समज."

धोंडीबा होडीच्या काठावर उभा राहून नाचू लागला. मजकूर इसम घाटाच्या पायरीवर, पाय हवेत. जाईना. तेव्हा मी काळा कोट सावरून पुढे झालो आणि त्यास समजावू लागलो की, तोल हा पायात नसून मनात असतो. एवढे बोलून मी एक पाय होडीत ठेवला. दुसरा पायरीवर होता. होडी सरकू लागली. दोन्ही पायांतील अंतर वाढत गेले, आणि उपाय उरला नाही.

पुढे काय झाले ते धोंडीबास विचारावे. मला एवढेच ठाऊक आहे की, कोणीतरी माझ्या काखेत हात घालून मला होडीत ओढून घेतले. कमरेखाली मी भिजलो होतो, टोपी डोहात तरंगत होती.

"अर्जनवीस, शाई पुसली का वो?" धोंडीबाने विचारले. घाटावर गेनू पोट धरून हसत होता.

तो इसम मात्र हसत नव्हता. होडीच्या मध्यावर उभा राहून तो आपल्या पायांकडे पाहत होता.

"भाऊ, मी हयसर कसा आलो?"

माझा बेत सिद्धीस गेला. रीत थोडी निराळी झाली, इतकेच.

त्या शिमग्यास त्याने रजा मोडली नाही. आगबोट धरायला तो आधी आगगाडीने निघाला; स्टेशनावर पोचवायला मी आणि गेनू गेलो. डब्याच्या पायरीपाशी त्याचा पाय हवेत थांबला. गेनू या वेळी घोड्याप्रमाणे मुकाट उभा राहिला.

पंधरा दिवसांनी कार्ड आले. अक्षर गुरुजींचे, बोलणे त्याचे. "उतरलो. खलाशांनी शिव्या दिल्या, पण वर आला तवाच पाय टाकला. आयसनं तोंड बघितलं. उजेडात नेऊन, हातानं चाचपून बघितलं, म्हनली वाळलास. चार दिसांनी दुसरा डोळा पन गेला. आता परत येताना पडाव वर आलेला तिला दिसनार न्हाय. कोन सांगनार? सबब रजा वाढवून मिळावी."

"सबब" हा शब्द त्याने माझ्यापासून उचलला होता.

मी रजावाढीचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी, आईस दिसत नसल्याकारणाने, असे खरे ते लिहिले. एकदा वाढ मिळाली. दुसऱ्यांदा कारकून म्हणाला, "अहो, आईला दिसत नाही म्हणून यानं कामावर यायचं नाही, हे कसं?" मी समजावून सांगितले. त्याला समुद्र ठाऊक नव्हता. बॉयलरवर दुसरा माणूस आला.

त्यानंतर पत्र नाही. गेनू अधूनमधून विचारतो, "आला का हो आपला वर-येऊ-दे?" मी नाही म्हणतो. अलीकडे माझे गुडघे धरतात. टांग्यातून उतरताना मीही पाय बाहेर काढून जरा थांबतो, आणि गेनू घाई करीत नाही.

आगबोटवाल्यांकडे मी तीन अर्ज पाठविले, पोच नाही. म्हणून तोच मजकूर येथे दाखल करतो. सदरहू बंदरास धक्का बांधून मिळावा. तो होईपर्यंत, आगबोटीच्या शिडीवर किंवा पडावात कोणी पाय हवेत धरून उभा दिसल्यास खालच्या खलाशांनी ओरडू नये. पडाव वर आला की तसे त्यास सांगावे. आमच्या इसमास पाहून सांगणारे माणूस आता उरलेले नाही.

उत्तर कृपया चिंचवड स्टेशनाबाहेर, कडुनिंबाखाली, या पत्त्यावर यावे. वाट पाहत आहे.