मशिनीवर पांघरलेली घोंगडी

महाळुंगे पडवळच्या दूध शीतकरण केंद्रात मच्छिंद्र मशीन सांभाळतो. सांभाळणं त्याच्या घराण्यातच आहे. त्याच्या मागच्या पिढ्यांनी मेंढरं सांभाळली. दसरा झाला की घाट उतरून कोकणात जायचं, पावसाळा तोंडावर आला की वर यायचं. मच्छिंद्र मात्र आयटीआय शिकला आणि दुधाच्या टाकीपाशी स्थिरावला. त्याचे वडील म्हस्कूआबा यांना ते रुचलं नव्हतं. "पोरगं लोखंड राखतंय," असं ते पारावर सांगत, आणि केंद्राची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती.

एका वर्षी दसऱ्याला, मशिनीच्या पूजेला, मात्र ते आले. पांढरं धोतर, लाल पागोटं, खांद्यावर काळीभोर घोंगडी. मच्छिंद्रनं बापाला दारात पाहिलं आणि हातातलं काम टाकून तो पुढं झाला.

सकाळचं दूध नुकतंच टाकीत पडलं होतं. धारेची ऊब अजून त्यात होती. ती ऊब काढून घेणं हे मशिनीचं काम. दूध गार झालं नाही तर ते नासतं, आणि गावातल्या बायांची पहाटेची मेहनत ओढ्यात ओतावी लागते. मशिनीच्या पॅनेलवर तीन दिवे. हिरवा असला की सारं ठीक. पिवळा लागला आणि बारीक टी-टी वाजलं, की मशिनीला काहीतरी सोसत नाही असं समजायचं. ते कुणी ऐकलं नाही तर तांबडा लागतो, भोंगा होतो आणि मशीन आपणहून थांबते. जीव वाचवायला थांबते.

पॅनेलला झेंडूचा हार पडला, आपट्याची पानं वाहिली, नारळ फुटला. आबांच्या संगतीचे दोघे ढोल घेऊन आले होते. ढोल घुमू लागला तशा भिंती थरथरल्या. त्या नादात टी-टी कोण ऐकणार? पिवळा दिवाही हाराआड गेला होता. दूध घालायला आलेल्या तुकाबाईनं तर फेर धरला.

एकाएकी भोंगा किंचाळला. ढोल थांबला. मशीनही थांबली होती.

"आता गं बया!" तुकाबाई म्हणाली. "नारळ नासका निघाला का काय?"

केंद्राचे सचिव संपतभाऊ लगबगीनं पुढं आले. "मच्छिंद्र, दाब की ते रिसेटचं बटण! दूध तापतंय राव."

"न्हाई भाऊ."

"न्हाई काय? दाब अन् चालू कर!"

"प्रेशर चढलंय तिचं. का चढलं ते बघू द्या. बसलेल्या मेंढीला काठी घालून उठवत न्हाईत."

हे बोलताना आपण बापाचेच शब्द उचलले, हे त्याच्या ध्यानात आलं. पण आबा तिथं नव्हतेच.

त्यानं विजेचा दाब पाहिला, तो बरोबर होता. मग तो इमारतीमागं गेला. दुधातली ऊब बाहेर फेकणारी जाळी आणि पंखा तिथं उघड्यावर असतात. आबा तिथंच उकिडवे बसले होते, समाधानानं चिलीम ओढत. जाळीवर त्यांची घोंगडी पांघरलेली होती. वर एक झेंडूचं फूल. पंख्यानं ती घोंगडी आत ओढून जाळीला घट्ट चिकटवून घेतली होती.

"तुझं जनावर उघड्यावर उभं व्हतं," आबा म्हणाले. "व्यालेल्या मेंढीवर टाकतो, तशी टाकली. आता माझा राग न्हाई."

मच्छिंद्रनं घोंगडीकडं पाहिलं. त्या घोंगडीत तो लहानपणी झोपला होता. जी गोष्ट बापाकडून कधी मिळेल असं वाटलं नव्हतं, ती समोर होती, आणि तीच ओढून काढायची होती. तिकडं दूध थांबणार नव्हतं. मागून संपतभाऊंची पावलं वाजली.

त्यानं घोंगडीला हात लावला नाही. बापाशेजारी बसला आणि हलकेच म्हणाला, "आबा, जरा हात लावून बघता का तिला?"

आबांनी घोंगडीखाली हात घातला आणि चटकन काढला. "आरं, ही तर भाजतीय!"

"तिला ऊब बाहेर टाकायची असती आबा. आत कोंडली की धाप लागती. मग बसती."

आबांनी क्षणभर जाळीकडं पाहिलं. मग स्वतःच उठले, फूल काढून कपाळाला लावलं आणि घोंगडी एका हिसक्यानं ओढली.

"म्हंजी हिची लोकर कातरायची व्हती, अन् मी आनखी घातली!"

तुकाबाई कोपऱ्यावरून बघत होती. ती इतकी हसली की पदर तोंडात धरावा लागला. "म्हस्कूभाऊ, उद्या कोकणात न्या तिला, हवा लागंल!" आबाही हसले.

जाळी निवेपर्यंत सगळे थांबले. संपतभाऊ येरझाऱ्या घालत होते, पण बटणाचं नाव त्यांनी काढलं नाही. मग मच्छिंद्रनं बटण दाबलं. मशीन घरघरली, तांबडा विझला, हिरवा लागला. दूध हळूहळू गार होत गेलं, आणि टँकरवाल्यानं वास घेऊन, तपासून, मुकाट्यानं भरून नेलं.

ती घोंगडी आता पॅनेलसमोरच्या बाकावर अंथरलेली असते. म्हस्कूआबा रोज येऊन तिच्यावर बसतात. पॅनेलच्या दिव्यांवर हार घालू देत नाहीत. आणि कधी टी-टी वाजलं, तर मच्छिंद्रच्या आधी त्यांचीच हाक येते.

"मच्छिंद्रा, ऊठ. बोलावतीय तुला."