बहिणीच्या घरी डबा

बाबांच्या रक्तातली साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी त्यांना एवढंच सांगितलं होतं, की रोज फिरा आणि गोड कमी करा. बाकीचं सगळं बाबांनी मोबाइलवरून उचललं. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला दुपार मोठी असते. सिंदी मेघेच्या आमच्या घरात ते खुर्चीत बसून व्हिडिओ बघत, आणि त्यानुसार त्यांच्या ताटातून एकेक वस्तू बाद होत जाई. आधी साखर गेली, मग भात, मग पोळी, शेवटी तेलही. मीठ नावापुरतं उरलं. माझी बायको सुरुवातीला वैतागली, नंतर त्यांच्यासाठी वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजवू लागली. शेजाऱ्यांना यात काही नवल वाटलं नाही. साध्या, अळणी जेवणाचा आश्रम जवळ असल्यामुळे उकडलेलं खाणारी माणसं आमच्या भागात पूर्वीपासून पाहण्यात आहेत.

अडचण आली ती भाऊबीजेला. बाबांची मोठी बहीण वडनेरला असते. बायको तिच्या भावाकडे गेली होती, म्हणून आम्ही बापलेकच निघालो. गाडीत बसल्यावर बाबांच्या मांडीवर स्टीलचा डबा दिसला.

"हे काय?"

"माह्यं जेवण."

"आत्याकडे डबा नेता?"

"सांगीन ना तिले समजावून."

समजावून सांगणं बाबांना कधीच जमलेलं नाही. मी गाडी सुरू केली.

आत्याने पाट मांडून ओवाळलं. तोंड गोड करायला पेढा पुढे केला, तर बाबांनी खिशातून मनुका काढून तोंडात टाकली. तिने पेढा ताटात परत ठेवला. मग पानं मांडली. पुरणपोळी, कढी, वडे, गवारीची भाजी. बाबांनी पानाशेजारी डबा ठेवून झाकण काढलं. आत मोड आलेले मूग आणि काकडीच्या फोडी होत्या.

आत्या तुपाची वाटी घेऊन उभी होती. "काऊन रे, माह्या हातचं खाऊन तुले काय होते?"

"तुह्या हातचं नाई बाई, पुरण नाई चालत. शुगर हाये मले."

"मंग आधी फोन कराचा होता. म्यां दुसरं काही केलं असतं."

आत्या खाली बसली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा चेहरा नुसता उतरला. भाऊ जेवल्याशिवाय या दिवशी ती स्वतः जेवत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. थोड्या वेळाने तिने डबा स्वतःकडे ओढला आणि चार मूग तोंडात टाकले.

"मीठ बी नाई यात," ती म्हणाली आणि डबा घेऊन आत गेली. मोहरी तडतडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा मुगाला लसूण-मिरचीची फोडणी होती, जवसाच्या तेलातली.

"आता हे माह्या हातचं झालं. जेव."

बाबा जेवले, आणि चवीनं जेवले. आत्यानेही आपल्या पानात तेच घेतलं. पुरणपोळ्या माझ्या वाट्याला आल्या.

जेवता जेवता आत्या सहज म्हणाली, की हल्ली तिला भूक नसते, तहानच लागते, आणि पायांची आग होते. बाबांचा हात थांबला.

"कधीपासून?"

"झालं असंन वरीसभर. वय झालं आता."

"वयाचं नाई बाई हे. तू आजच चाल आमच्यासंगं."

ती त्या दिवशी आली नाही. घर होतं, दुभती म्हैस होती. दिवाळीचे पाहुणे गेल्यावर मी तिला आणायला गेलो. तपासणी झाली. तिची साखर बाबांच्या कितीतरी वर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. बाबांनी घरी येईपर्यंत गाडीत रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचला.

आत्या काही दिवस आमच्याकडे राहिली. बाबा तिला व्हिडिओ दाखवत आणि ती बघता बघता झोपी जाई. बाबांच्या गंजात आता दोघांचं शिजू लागलं. आत्या बेचव खाईना, म्हणून थोडं मीठ आणि थोडं तेल परत आलं.

ती गावी गेल्यापासून बाबा तिला रोज सकाळी फोन करतात. पूर्वी दोघं सणावाराला किंवा कोणी गेल्यावरच बोलत. मी ऑफिसची तयारी करताना ते कानावर पडतं. फोन स्पीकरवर असतो.

"काल राती काय खाल्लं?"

"भाकर अन् भाजी."

"खरं सांग."

"अन् जराकसा भात."

बाबा भाताबद्दल बोलतात, मग गोळ्यांबद्दल, तिथून गोष्ट कपाशीवर जाते आणि बराच वेळ तिथेच राहते. पायांची आग कमी आहे, असं आत्या सांगते. साखर मात्र दर तपासणीला कमीजास्त निघते, आणि भाताचा वाद अजून मिटलेला नाही.