भासऱ्यांची फटफटी

सगळ्या भिलाईत गंजाचा एवढा मोठा वैरी दुसरा झाला नसेल. लोखंड तयार करणारे इथे घरोघरी आहेत, पण तयार झालेल्या लोखंडाची पुढे जन्मभर काळजी घेणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो आमच्याच घरात राहतो. माझे भासरे, म्हणजे आमच्या यांचे थोरले भाऊ. प्लांटमधून रिटायर झाले, त्यांचं क्वार्टर सुटलं, आणि एक पत्र्याची पेटी, एक सायकल आणि शिलाई मशीनच्या तेलाची पिचकारी घेऊन ते सेक्टर सहामध्ये आमच्याकडे राहायला आले. पेटी पलंगाखाली गेली, सायकल व्हरांड्यात राहिली. पिचकारी मात्र सदऱ्याच्या खिशात असते, आणि बाहेर निघते ती कोणाच्या तरी बिजागरावरच. कोणाकडे बसायला गेले तर आधी फाटकाला तेल देतील, मग आत जाऊन रामराम करतील. लग्नाच्या पंगतीत घडीच्या खुर्चीला तेल देतात, दवाखान्यात स्टुलाला देतात. आमच्या सेक्टरच्या देवळात त्यांनी घंटेच्या कडीला इतकं तेल दिलं, की दुसऱ्या दिवशी आरती करताना पुजाऱ्यांच्या टकलावर थेंब थेंब पडायला लागलं. ते चिडून म्हणाले, "भाऊ, हे काय करून ठेवलं?" भासरे शांतपणे म्हणाले, "महाराज, कडी झिजून राहिली होती. एखाद्या दिवशी घंटा पडली असती डोक्शावर." "अन् आता तेल पडून राहिलं ते?" "तेलानं कोणी मरत नाही."

त्यांचं लग्न झालं नाही, त्यामागेही मला वाटतं ही पिचकारीच असावी. सासूबाई सांगायच्या, तुमसरकडे त्यांना मुलगी दाखवायला नेलं होतं. चहा झाला, पोहे झाले, मुलगी येऊन बसून गेली. परत येताना सासूबाईंनी विचारलं, "कशी वाटली रे पोरगी?" हे म्हणाले, "पोरीकडे ध्यान नाही गेलं, आई. पण त्यायचं फाटक आता वाजत नाही." सासूबाई हे सांगताना हसायच्या आणि मग पदराने डोळे पुसायच्या. हसून पाणी आलं की दुसऱ्या कशाने, ते मी कधी विचारलं नाही.

आमच्याकडे सून भासऱ्यांशी बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि सांगायचं ते लेकरांच्या तोंडून. माझी लेकरं मोठी होऊन बाहेरगावी गेली. हे ड्युटीवर गेले की घरात आम्ही दोघंच उरायचो, एकमेकांशी न बोलणारी. सुरुवातीला मी भिंतीकडे पाहून म्हणायची, "जेवण वाढलं म्हणा." पलीकडून एक खोकला यायचा, तो होकार. दोन खोकले म्हणजे भात अजून हवा. एवढ्यावर आमचं चाललं होतं. घरात खरं बोलणं सुरू झालं ते फटफटी आल्यावर.

एका सकाळी भासरे भाजी आणायला म्हणून सुपेल्याच्या बाजारात गेले, ते दुपारी सायकल-ठेल्यामागे चालत आले. ठेल्यावर दोरीने बांधलेलं काहीतरी होतं. भंगारवाल्याने ते वजनकाट्यावर तोलून दिलं होतं, तसंच त्यांनी आणलं. संध्याकाळी हे ड्युटीवरून आले आणि व्हरांड्यात उभेच राहिले.

"हे काय होय दादा?"

"फटफटी."

"फटफटी नाही होय हे. फटफटीचं मयत होय. भाजी कुठं आहे?"

भासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "भाजी राहिली."

हेडलाइटच्या पोकळीत कोंबडीची पिसं निघाली आणि एक अंडं निघालं. दुसऱ्या दिवशी ते अंडं रुमालात गुंडाळून भासरे पुन्हा सुपेल्याला जाऊन भंगारवाल्याला देऊन आले. सौदा गाडीचा झाला होता, अंड्याचा नव्हता.

त्यानंतर आमचं क्वार्टर क्वार्टर राहिलं नाही. पिठाच्या परातीत रॉकेल आलं. वाळवणाच्या चादरीवर कुरडयांच्या जागी नटबोल्ट वाळायला लागले. एकदा मी वरणाला फोडणी द्यायला तेल तापवलं आणि डब्यातली मोहरी टाकली, तर मोहरी तडतडेच ना. गॅस वाढवला, तरी नाही. पाहते तर कढईच्या बुडाशी बारीक छर्रे गोल गोल फिरत होते, चाकाच्या बेअरिंगमधले. मी पदर सावरून व्हरांड्यात आले आणि पहिल्यांदाच जरा मोठ्याने बोलले. भिंतीशी नाही, गाडीशी. "तुझे छर्रे तळून झाले म्हणा. कोणाला जेवायचे असतील तर वाढते."

भासऱ्यांनी पान्ह्यावरची नजर न उचलता गाडीलाच सांगितलं, "त्यायले सांग, चूक झाली म्हणा. अन् तेलातून काढले तेच बरं, आता गंज नाही लागत म्हणा."

त्या दिवसापासून आमचं सगळं बोलणं गाडीमार्फत व्हायला लागलं. मी गाडीला विचारायची, चहा ठेवू का. ते गाडीला सांगायचे, साखर कमी टाकायला सांग. चकचकीत पत्र्यावरचा गंज त्यांच्याने निघेना, तेव्हा मी चिंचेचा कोळ आणि राख पायरीवर ठेवून म्हटलं, "पितळेची भांडी याने निघतात बाई, तुझं पाहा." दुपारच्या वेळी ते एका बाजूने घासायचे, मी दुसऱ्या बाजूने. मधे गाडी असली की लाज वाटायची नाही.

पेट्रोलच्या टाकीत आतून गंज होता, तिथे हात जाईना. तेव्हा त्यांनी टाकीत थोडं रॉकेल आणि मूठभर नट टाकले, तोंड घट्ट बांधलं, आणि टाकी सायकलच्या कॅरियरला बांधून सगळ्या सेक्टरभर फिरवली. जिथे जिथे स्पीड ब्रेकर, तिथे तिथे मुद्दाम. तो खडखडाट ऐकून रद्दीवाला आला असं बायांना वाटलं, आणि त्या रद्दी घेऊन बाहेर आल्या. भासऱ्यांना कोणाला नाही म्हणता येत नाही. टाकी तर साफ होऊन आली, पण त्या दिवशी घरी एक फुटकी बादली आणि पुष्कळसे हिंदी पेपरही आले.

काम करताना ते गाडीशी बोलायचे, आणि ते माझ्यासाठी नसायचं. मी खाली मान घालून ऐकायची. "अण्णा येईपर्यंत तुझा आवाज नीट झाला पाहिजे." "अण्णाले हे हॅण्डल जड वाटन का?" "अण्णाची पण अशीच होती, काळी." हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की अण्णा म्हणजे प्लांटमधला त्यांचा सोबती, आंध्राकडचा. दोघं एकाच शॉपमध्ये, म्हणजे प्लांटच्या एकाच विभागात, एकाच शिफ्टमध्ये, आणि सेक्टर दोनमध्ये शेजारी शेजारी राहायचे. सगळी नोकरी भासरे अण्णाच्या गाडीवरून ड्युटीला गेले. रिटायर होऊन अण्णा आपल्या गावी गेला, जाताना गाडी विकून गेला. एकदा भासरे चाकाच्या तारा पुसता पुसता गाडीला म्हणाले, "अण्णा गाडी चालवताना लय बोले. अर्धं हवेत उडून जाये. उरलेल्या अर्ध्यावर मी हो म्हणो." आणि मग कितीतरी वेळ ती एकच तार पुसत राहिले.

गाडी सुरू झाली त्या दिवशी गल्ली गोळा झाली. यांनी किक मारून मारून घाम काढला. मग एकदम धूर निघाला, फट फट असा आवाज आला आणि व्हरांड्यातली कबुतरं उडाली. शेजारच्या मिश्राबाईंनी टाळ्या वाजवल्या. हे म्हणाले, "बसा दादा, मारा एक चक्कर!"

भासरे फडकं हातात घेऊन उभेच होते. "मले कुठं येते चालवता?"

सगळी गल्ली हसली. यांना हसू आवरेना. "येत नाही? मंग घेतली कावून?"

"मागं बसाले," भासरे म्हणाले. जसं काही सगळे लोक मोटारसायकल त्यासाठीच घेतात. यांनी हसत हसत सांगितलं, "चला मंग, मी बसवतो मागं." भासऱ्यांनी गाडी बंद केली. "तुले नाही जमणार. तू वळणावर हळू करत नाही."

त्यांना अण्णाच हवा होता. आणि अण्णा येणार होता. त्याच्या भाचीचं लग्न दुर्गला, पद्मनाभपुरला ठरलं होतं. फोनवर अण्णाने सांगितलं, "आ रहा हूँ यार, तेरे हाथ की चाय पीने नहीं, तेरी गाड़ी देखने." त्यानंतर भासऱ्यांनी नवीन क्लच वायर टाकली, मागची सीट शिवून घेतली, आणि त्या सीटवर आमच्यापैकी कोणालाच बसू दिलं नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते पहाटेपासून आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून व्हरांड्यात उभे होते. मी चकल्या तळल्या होत्या.

अण्णा जावयाच्या कारमधून आला. उंच, पांढऱ्या केसांचा, खूप हसणारा माणूस. गाडीला एक फेरी मारून म्हणाला, "अरे, ये तो दुल्हन है!" भासरे लाजले. खरंच लाजले. यांनी गाडी सुरू करून दिली. अण्णा पुढे बसला. भासरे मागे बसले, एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला. मी दाराच्या आडून पाहत होते. गाडी थरथरत होती, पण हलत नव्हती. अण्णाचा डावा हात क्लचवर होता आणि बोटं दाबली जात नव्हती. त्याने दोनदा दाबून पाहिलं. मग उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक करून पुन्हा क्लचवर बसवली. तेव्हा आम्हाला कळलं, की त्या हातात जोर नाही. त्याचा जावई मागून हळूच म्हणाला, "पिछले साल से ऐसा ही है, अंकल. पापा ने बताया नहीं क्या?"

भासऱ्यांनी खांद्यावरचा हात काढला नाही. म्हणाले, "क्लचच कड़क है अण्णा. नया वायर है ना."

अण्णाने डावा हात क्लचवरून उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "हाँ. नया वायर है."

"मैं ढीला करता हूँ. अगली बार तक हो जाएगा."

"हो जाएगा," अण्णा म्हणाला. गाडी बंद करून दोघं उतरले. चकल्या खाल्ल्या, शॉपमधल्या साहेबांच्या नकला केल्या, इतके हसले की मिश्राबाई डोकावून गेल्या. कार वळून गेली तरी भासरे फाटकाला तेल देत तिथेच उभे राहिले. त्या फाटकाला सकाळीच दिलं होतं.

पुढे कितीतरी दिवस ते त्या क्लचवर बसले होते. वायर काढायचे, तेलात भिजवायचे, स्प्रिंग बदलायचे, पुन्हा लावायचे. एका दुपारी ते झोपलेले पाहून मी गाडीजवळ गेले. का ते माहीत नाही, पण करंगळी क्लचला लावली. तो लोण्यासारखा दबला. लेकरानेही दाबला असता. मी हात पुसला आणि आत आले. त्या दिवशी चहाचा कप मी नुसता गाडीजवळच्या पायरीवर ठेवला. भासरेच हळू म्हणाले, "सांग त्यायले, अजून थोडा कडकच आहे म्हणा."

"अगं, हो म्हणा," मी गाडीला म्हटलं. "मलाही तसंच वाटलं."

अण्णा पुन्हा आला नाही. आता त्याला रेल्वेने एवढा प्रवास झेपत नाही. पण एका रविवारी फोनवर बोलता बोलता तो म्हणाला, "यार, आवाज तो सुना." भासऱ्यांनी यांच्याकडून किक मारून घेतली आणि फोन सायलेन्सरजवळ धरला. पलीकडून अण्णा एकदम ओरडून म्हणाला, "बैठ! पीछे बैठ गया क्या?"

"बैठ गया."

"कसके पकड़. ड्यूटी का टाइम हो गया."

तेव्हापासून दर रविवारी आमच्या व्हरांड्यात हे चालतं. गाडी मधल्या स्टॅण्डवर उभी असते, इंजिन सुरू, धूर सगळा माझ्या तुळशीवर. मिश्राबाई म्हणतात, "भाई साहब की गाड़ी खड़े-खड़े पेट्रोल पी रही है." पुढची सीट रिकामी असते. मागच्या सीटवर इस्त्रीचा सदरा घालून भासरे बसलेले असतात, कानाला फोन, एक हात समोर हवेत थोडा उचललेला. तिकडे, समुद्राकडच्या कुठल्याशा गावी खाटेवर बसून अण्णा गळा फाडून गाडी चालवत असतो. आता सेक्टर दोनमधून निघालो. आता शर्माची टपरी, ब्रेक मारतो. समोर गाय आहे, थांब. भासरे हो म्हणतात. सेंट्रल अव्हेन्यूवर गाडी वेगात निघते, तेव्हा त्यांचे डोळे बारीक होतात. आणि मुर्गा चौक आला की, मी दारातून दर वेळी पाहते, ते अंग एका बाजूला झुकवतात, अगदी पुढच्याच्या लयीत, आणि वळण सरलं की पुन्हा सरळ होतात.

पूर्वी मी गाडीचा आवाज ऐकला की लगेच चहाचं आधण ठेवायची, आणि चहा नुसता उकळत राहायचा. आता ठेवत नाही. अजून प्लांटचं गेट यायचं असतं, आणि मग परतीचा सगळा रस्ता.