मोसुलच्या बाईच्या तोंडी घातलेलं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. प्रार्थनेत तर—खरं सांगते—हा विषय जवळ आला की मी घाईघाईने दुसऱ्यांसाठी मागायला लागते.

मी मूळची नगरकडची. कुवेतमध्ये, फरवानियातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर आहे. दर शुक्रवारी जवळच्याच अब्बासिया भागात आम्ही मराठी ख्रिस्ती कुटुंबं कुणाच्या तरी घरी जमतो, आणि शास्त्राचा अभ्यास मी घेते. बायबलमधल्या संदेष्ट्यांची मला भारी ओढ. देव एखाद्या राष्ट्राला किती काळ सांभाळून घेतो? आणि मग एक दिवस का थांबतो? निनवे शहराचंच बघा ना. एका संदेष्ट्याने नाश होणार म्हणून सांगितलं. लोक पस्तावले, देवाने सोडून दिलं. कित्येक वर्षांनी दुसरा संदेष्टा बोलला, तेव्हा मात्र क्षमा नव्हती. मधल्या काळात देव कशाची वाट बघत होता? पोळ्या लाटतानासुद्धा हा प्रश्न मला सोडायचा नाही.

आणि आमच्याच दवाखान्यात, मागच्या खोलीत कवळ्या बनवणारी उम्म सामी—सामीची आई म्हणून सगळे तिला तसंच म्हणायचे—ती इराकमधल्या मोसुलची निघाली. निनवेचे ढिगारे तिच्या घरापासून नदीपलीकडे! मला किती आनंद झाला म्हणून सांगू? जेवणाच्या सुट्टीत मी रोज तिच्याजवळ जाऊन बसायला लागले. नदी किती रुंद, वेशी कशा, मातीचा रंग कोणता. कवळीचं मेण कोरता कोरता ती सांगायची. लढाईत घर पडलं, भाऊ गेला, तेही तिने सांगितलं. तिला वाटलं, आमची मैत्री झाली. झालीही होती बहुतेक. पण मी घरी जाऊन सगळं टिपून ठेवत होते.

एकदा मी विचारलंच, "तुला कधी वाटतं का, देव तुमच्या शहरावर रागावला होता?"

तिने हातातलं काम खाली ठेवलं. "माझा भाऊ शाळेच्या वह्या विकायचा," ती म्हणाली. "त्याच्यावर कोण रागावेल?"

त्या शुक्रवारी मी निनवेवर बोलले. छान रंगलं होतं. शेवटाकडे आले आणि—कसं सांगू?—तिचं उत्तर माझ्या बोलण्यात कुठे बसेचना. म्हणून मी ते बदललं. म्हटलं, "तिथली एक बाई माझ्याबरोबर काम करते. ती स्वतः म्हणाली, देवाने आमची खूप वाट पाहिली, आम्हीच ऐकलं नाही."

बायका डोळे पुसू लागल्या. शांतवनकाका, आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, म्हणाले, "सुवार्ताताई, अंगावर काटा आला." मी मान खाली घातली. त्यांना तो नम्रपणा वाटला. आणि मला? मला आवडलं ते.

नाताळच्या कार्यक्रमाला मी दवाखान्यातल्या सगळ्यांना बोलावलं होतं. उम्म सामी येईल असं वाटलं नव्हतं. ती आली—खजूर भरलेली बिस्किटं स्वतः करून घेऊन. ती मोसुलची हे कळताच शांतवनकाका थेट तिच्यापाशी गेले आणि इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या शहराची चूक तुम्ही मोठ्या मनाने कबूल केलीत. आम्ही त्यातून शिकलो."

तिने माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. मी केक कापत राहिले.

"हो," ती काकांना म्हणाली. "मीच म्हणाले तसं."

का म्हणाली? मला वाचवायला? की मी स्वतःहून बोलेन, म्हणून? मला अजून कळलेलं नाही. मागच्या खोलीत जाणं मी सोडलं. त्यानंतर वर्षभर ती तिथे होती. वर्षभर! एकदाही तिने विषय काढला नाही. रोज सकाळी माझ्या टेबलापाशी "सबाह अल-खैर", शुभ सकाळ, म्हणायची, आणि क्षणभर थांबायची. मी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालायचे.

मग ती बहिणीकडे ऑस्ट्रेलियाला निघून गेली. शेवटच्या दिवशी सगळ्यांना मिठ्या मारल्या. माझ्या टेबलावर मागच्या खोलीची किल्ली ठेवली आणि न थांबता दाराबाहेर पडली.

अभ्यास अजून मीच घेते. ते वाक्यही अजून सांगितलं जातं. मागच्या महिन्यात नव्याने आलेल्या एका जोडप्याला शांतवनकाकांनी ते ऐकवलं. त्या बाईने कौतुकाने माझ्याकडे पाहिलं, आणि मी हसले.